शब्दातलं जनावर

पुरत्या भांबावलेल्या माणसाला इंग्रजीत 'बिविल्डर्ड' म्हणतात. हा शब्द जरा मोडून बघा. त्यात एक रान आहे, आणि रानात जनावर.

सुरुवातीचा 'बि' म्हणजे पुरतं, चहूकडून. 'विल्डर' म्हणजे आडरानात नेऊन वाट चुकवणं. हे क्रियापद १७व्या शतकातलं, बहुधा 'विल्डरनेस'वरून मागाहून पाडलेलं. 'बिविल्डर' १६८०च्या दशकात लेखनात दिसू लागतं. 'विल्डरनेस' मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा. त्याच्या पोटात जुन्या इंग्रजीतले दोन शब्द आहेत : 'विल्ड' म्हणजे रानटी आणि 'देओर' म्हणजे जनावर. माणसांची नव्हे, रानटी जनावरांची वस्ती असलेली जागा.

हाच 'देओर' म्हणजे आजचा 'डिअर', हरीण. पूर्वी तो कुठल्याही जनावराला चालत असे. तुम्ही जर्मनीत राहत असाल तर 'टिअर' रोज ऐकत असाल. त्याचा अर्थ आजही प्राणी असाच आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये तर उंदीर-घुशीही 'डिअर'मध्ये मोजल्या आहेत! पुढे फ्रेंचमधून 'बीस्ट' आला, मग लॅटिनमधून 'अ‍ॅनिमल', आणि 'डिअर' शिकारीतल्या आवडत्या सावजापुरता उरला.

आता आपला 'मृग' बघा. संस्कृतात तो आधी कोणताही वन्य पशू. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. मराठीत तो हरणापुरता आक्रसला (नक्षत्राची गोष्ट वेगळी). पण मल्याळी शेजाऱ्याला विचारा, त्याच्या 'मृगम्'मध्ये अजून सगळी जनावरं मावतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हीच वाट धरावी, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

'बिविल्डर्ड'ला आपण 'गोंधळलेला' म्हणून मोकळे होतो. मला ते तोकडं वाटतं. गोंधळ घरबसल्याही उडतो. खरा जवळचा शब्द 'दिङ्मूढ' : ज्याला दिशाच कळेनाशा झाल्या तो. किंवा त्याहून मातीतला, 'चकवा लागलेला' : रात्रभर रानात तीच ती वाट तुडवणारा. यात त्या माणसाची अक्कल कमी पडलेली नसते. ओळखीच्या खुणा नाहीशा झालेल्या असतात.

भारतातून पहिल्यांदाच आलेले आजोबा फिरायला जातात आणि एकसारख्या घरांच्या रस्त्यावर त्यांना आपलं दार सापडत नाही. नातवंडं म्हणतात, आजोबा 'कन्फ्यूज' झाले. त्यांना 'चकवा' हा शब्द द्या. आजोबांनाही तो पटेल, आणि चकव्याची एखादी गोष्ट त्यांच्याकडे नक्की असेल.