पाण्यापासून कोनापर्यंत : घरच्या लेथच्या हत्याराची धार

आपल्या लोहार समाजाचा इतिहास सांगताना नांगराचा फाळ, कुऱ्हाड आणि गाडीची धाव यांचे वर्णन पुष्कळ होते. परंतु भात्याशेजारी लेथ येऊन बसला तेव्हा आपल्या विद्येचे काय झाले, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून हा अल्प प्रयत्न.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. गिरण्यांबरोबर दुरुस्तीखाती आली, पुढे घरोघर यंत्रमाग आले, आणि त्यांचे शाफ्ट व बुश कातण्याचे काम घरच्या पडवीतील लेथवरही होऊ लागले. माझे वडील दिवसा गिरणीत व रात्री आमच्या पडवीत हेच काम करीत.

जुने हत्यार साध्या पोलादाचे असे. ते लाल तापवून पाण्यात विझवावयाचे, घासून उजळावयाचे आणि पुन्हा मंद आचेवर धरून त्यावर चढणारे रंग पाहावयाचे. गवती पिवळा रंग सुमारे २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. योग्य रंगावर थांबणे म्हणजेच ‘पाणी देणे’. सहाणेवर धार लावताना टोक निळे पडले की पाणी उतरले, पुन्हा भट्टी.

ही अडचण दूर झाली ती परदेशात. १८६८ साली इंग्लंडमध्ये मुशेट यांनी टंगस्टनयुक्त पोलाद काढले. पुढे अमेरिकेत टेलर व व्हाइट यांनी अशा पोलादाला अतिशय तापवून विझवण्याची रीत बसविली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे हत्यार टोक लाल होऊनही कापत राहिलेले लोकांनी पाहिले. हेच हायस्पीड स्टील. कठीणपणा आता कारखान्यातूनच येऊ लागला. कारागिराच्या हाती उरला तो केवळ आकार. यात विद्या घटली असे कोणी म्हणतात. मला तसे वाटत नाही. ती भट्टीवरून चाकावर गेली, इतकेच.

चाकही आपल्याला परके नव्हते. कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेली साण आपल्याकडे जुनीच आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे आजचे चाक तिचेच भावंड. हायस्पीडला ते चालते. कार्बाइडच्या टोकाला मात्र हिरवे सिलिकॉन कार्बाइड लागते, आणि तापलेले ते टोक पाण्यात बुडविल्यास तडकते.

वडील अक्षरशत्रू होते, आणि मी शाळेत भूमिती शिकवी. एकदा शाळेचा कोनमापक घरी आणून (आता कबूल करण्यास हरकत नाही) त्यांच्या हत्याराचा पुढचा उतार मोजला. सात अंश! पुस्तकात सहा ते आठ सांगितलेले. पोलादासाठी ते माथ्याला उतार देत. पितळेसाठी माथा सपाट ठेवीत, कारण उतार दिला तर पितळ हत्याराला आत ओढून घेते. चाकावरून उतरल्यावर तेलाच्या दगडावर धार फिरवून नखावर पाहत.

चष्मा मात्र कधी लावला नाही. एके रात्री चाकाचा कण उजव्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याची दृष्टी अधू झाली. नंतर धार लावण्याचे काम माझ्याकडे यावयास हवे होते. मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा टोक भाजले, आणि लेथ विकला गेला.

आता बहुतेक ठिकाणी बदलती टोके आली आहेत; झिजले की फिरवून बसवावयाचे. वडिलांची अकरा हत्यारे पत्र्याच्या डब्यात तेल लावून ठेवली आहेत. त्यांतील पितळेची कोणती, हे मला माथा पाहून ओळखता येते.