जमिनीची निगा : सारवणापासून यंत्रापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील स्वच्छतेच्या साधनांचा इतिहास हा मुळात पायाखालच्या जमिनीचा इतिहास आहे. माती, फरशी आणि काँक्रीट अशी ती जसजशी बदलत गेली, तसतसे झाडण्या-पुसण्याचे साधन बदलले आणि त्या साधनाची निगा राखण्याची विद्याही बदलली.

मातीची जमीन प्रथम धुम्मसाने ठोकून, चोपून घट्ट केली जाई आणि मग शेणाच्या पातळ काल्याने सारवली जाई. हा लेप धूळ धरून ठेवी, बारीक भेगा बुजवी आणि उखडला की पुन्हा देता येई. यातला क्रम ठरलेला होता : आधी केरसुणीने कोरडा केर काढायचा, मगच ओले पोतेरे फिरवायचे, कारण केरावर पाणी पडले की चिखल होतो. अंगणासाठी खराटा वेगळा असे. शिंदीच्या पानांची केरसुणी बांधण्याचे कसब गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. दिवाळीत लक्ष्मी म्हणून केरसुणीची पूजा होई, पण ती बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या हातांच्या वाट्याला मात्र तेवढा मान आला नाही.

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये खुला झाला आणि दुरून येणारे बांधकामाचे सामान जिल्ह्यात पोहोचणे सोपे झाले. पुढे घरांत, वाड्यांत आणि देवळांत शहाबादी फरशी रूढ झाली. शिर्डीच्या मशिदीतील बदलाची हकिकत गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईचरित्रात येते : साईभक्त काकासाहेब दीक्षितांनी हाती घेतलेली फरसबंदी, दुसरे भक्त म्हाळसापती यांच्या मध्यस्थीने साईबाबांची संमती मिळाल्यावर, एका रात्रीत पुरी झाली आणि त्यानंतर बाबा तरटाऐवजी लहानशा गादीवर बसू लागले. त्याच चरित्रानुसार बाबांच्या येण्याजाण्याच्या वाटा बाळाजी पाटील नेवासकर, त्यांच्यानंतर राधाकृष्णमाई आणि पुढे अब्दुल्ला झाडत असत. जे काम गावात हलके मानले जाई, त्याला येथे सेवेची प्रतिष्ठा मिळाली. फरशीने सारवण संपवले, पण नवी जोखीमही आणली, कारण शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने डाग काढण्यासाठी ओतलेले ॲसिड डागाबरोबर दगडही खाते.

तिसरा टप्पा कारखान्यांच्या काँक्रीट जमिनीचा. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये झाला, आणि 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे नगरलगत नागापूरला आणि पारनेर तालुक्यात सुप्याला औद्योगिक वसाहती वसवल्या. साखर कारखान्याच्या जमिनीवर उसाचा रस आणि मळी सांडते, बगॅसचा भुसा उडतो. गरम पाण्याने साखर विरघळते खरी, परंतु ते पाणी उचलून घेतले नाही तर सुकल्यावर सगळीकडे चिकट थर उरतो. त्यामुळे मोठ्या जमिनीवर खरा प्रश्न घासण्याइतकाच पाणी उचलण्याचाही असतो.

स्क्रबर-ड्रायर, म्हणजे घासणे आणि सुकवणे एकाच फेरीत करणारे यंत्र, नेमका हाच प्रश्न सोडवते. अशा यंत्रांचा पाया युरोप-अमेरिकेत घातला गेला. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे 1870 मध्ये लाकूडकामातून सुरू झालेली टेनंट कंपनी पुढे जमीन स्वच्छ करणाऱ्या यंत्रांकडे वळली. भारतात कोइम्बतूरच्या रूट्स मल्टिक्लीनने जर्मनीच्या हाको कंपनीच्या सहकार्याने 1992 पासून हा व्यवसाय उभारला.

या यंत्रात पाण्याच्या दोन टाक्या असतात : एका टाकीतले स्वच्छ पाणी फिरत्या ब्रशवर पडते, आणि मागची रबरी पट्टी, जिला स्क्वीजी म्हणतात, मळके पाणी एका रेषेत गोळा करते, ते व्हॅक्यूम मोटर दुसऱ्या टाकीत ओढून घेते. वापराचा पहिला नियम मात्र जुनाच आहे, तो म्हणजे आधी कोरडा केर काढणे; कारण भुशाची एक काडी पट्टीखाली अडकली तरी यंत्रामागे पाण्याची ओली रेघ उमटत जाते. साबण कमी फेसाचा लागतो, कारण टाकीत चढलेला फेस मोटरपर्यंत पोहोचून ती निकामी करू शकतो. काम संपल्यावर मळकी टाकी रिकामी करून धुवावी आणि झाकण उघडे ठेवावे, म्हणजे वास धरत नाही. पट्टी पुसावी आणि तिची कड झिजली की ती उलटून लावावी. ब्रश जमिनीवरून उचलून ठेवावा, नाहीतर यंत्राच्या भाराने त्याचे केस वाकतात. पाणी घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही सामान्यतः चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आणि चार्जिंग मोकळ्या हवेच्या जागी करावे, कारण त्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस ठेवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची ताकद कायमची घटते.

वाकून झाडणाऱ्या पाठीचा भार यंत्राने हलका केला, हा या इतिहासातील मोठा लाभ आहे. परंतु केरसुणी झिजली की नवी बांधता येत असे. यंत्राचे आयुष्य ते चालवणाऱ्याच्या रोजच्या निगेवर ठरते. म्हणून ही निगा हे कुशल काम मानले पाहिजे, ते रीतसर शिकवले गेले पाहिजे, आणि टाकी धुण्यासाठी, पट्टी पुसण्यासाठी लागणारी पाळीअखेरची वीस-पंचवीस मिनिटे कामाच्या वेळेतच धरली गेली पाहिजेत. केरसुणीला मिळालेला मान ती चालवणाऱ्या हातांना मिळाला नाही. ती चूक यंत्राच्या बाबतीत सुधारण्याची संधी आज जिल्ह्यातील प्रत्येक कारखान्याला आहे.