मूळपुरुषाचा शोध आणि आडनावाची साक्ष

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातील गाव. याच परिसरात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्यापूर्वीच्या काही दशकांत निजाम आणि मराठे सरदार या दोघांनीही कवायती पलटणींसाठी परदेशी अधिकारी पदरी ठेवले होते. त्यांत जॉन पार्कर बॉइड हा एक अमेरिकन होता. १७८९ साली तो हिंदुस्थानात आला. निजाम, होळकर आणि पेशवे यांच्या चाकरीत त्याने काळ घालविला व पुढे स्वदेशी परतून तो अमेरिकेच्या सैन्यात सेनानी झाला. १८३० साली बोस्टन येथे तो मरण पावला. त्याच्या पराक्रमाची चर्चा येथे कर्तव्य नाही. कुळाच्या शोधात आडनावाची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, या प्रश्नापुरतेच त्याचे उदाहरण घ्यावयाचे आहे.

बॉइडचा जन्म १७६४ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथे झाला. त्याचा पिता स्कॉटलंडहून आलेला. आडनावाचा माग धरला तर अमेरिकेतील वंश एकाच पिढीत संपतो व शोध समुद्रापलीकडे जातो. परंतु त्याची माता सुझॅना ही ट्रिस्ट्रॅम कॉफिन याच्या वंशातील होय. हा कॉफिन १६४२ साली इंग्लंडमधील डेव्हन प्रांतातून आई, बहिणी, पत्नी व मुले यांसह अमेरिकेत आला आणि १६८१ साली नँटकेट बेटावर वारला. म्हणजे बॉइडचे अमेरिकेतील मूळ बापाच्या आडनावात नसून आईच्या माहेरी आहे. ते हाती लागते याचे कारण असे की, मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ सालीच जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला होता. नाव जेथे मुके होते, तेथे गावची नोंद बोलते.

मराठी मुलखात आडनावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. केदारखेडेकर असे आडनाव केदारखेड्यात राहणाऱ्यास सहसा लागत नाही. ‘-कर’ हा प्रत्यय गाव सोडल्यावर परगावच्या लोकांनी जोडलेला असतो. तो निघाल्याचे ठिकाण सांगतो, कूळ सांगत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही नावे वतनाची. शेजारच्या चार गावांचे चार पाटील एका रक्ताचे असतीलच असे नाही. उलट थोरला भाऊ वतन सांभाळून पाटील राहतो, धाकटा पोटासाठी बाहेर पडून अमुककर होतो आणि तीन पिढ्यांत सख्ख्या भावांचे वंशज आडनावाने परके ठरतात.

येथे गावच्या जन्मनोंदीचे काम वतनाच्या कागदांनी केले आहे. वडीलपणाचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी-प्रतिवादी आपापली वंशावळ मांडीत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. अर्थात ज्याला वतन होते त्याचीच वंशावळ लिहिली गेली. कुणब्याची, बलुतेदाराच्या धाकट्या शाखेची, किंवा बॉइडसारख्याच्या पलटणीत भरती झालेल्या शिपायाची क्वचितच. शिवाय हे कागद हक्कासाठी लिहिलेले असल्याने त्यांत पुत्रांची नावे येतात, कन्यांची बहुधा गळतात. बॉइडचे अमेरिकेतील मूळ ज्या वाटेने सापडते, नेमकी तीच वाट आपल्या वंशावळीत बंद असते.

ग्रामनामाचीही हीच कथा. ‘खेडा’ हा शब्द संस्कृत ‘खेट’पासून आला. पण ‘केदार’ म्हणजे शंकर आणि केदार म्हणजे शेतही. केवळ शब्दावरून गावाचा उगम देवळापाशी मानावा की शेतापाशी, हे ठरत नाही.

तात्पर्य, नाव हा पुराव्याचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. केदारखेड्यातून बाहेर पडलेल्या कुळाचा मूळपुरुष शोधणाऱ्याने आडनावावरून गाव गाठावे. तेथून पुढे मात्र वतनाचे कागद, सोयरिकी आणि माहेरची नावे यांचाच आधार घेतला पाहिजे.