नीउए : मूठभर माणसांचे स्वराज्य



एका देशाची सगळी प्रजा आपल्याकडच्या एका बाजारगावात मावेल, असे म्हटले तर कुणाला खरे वाटणार नाही. पण प्रशांत महासागरात असा देश आहे. त्याचे नाव नीउए. वस्ती साधारण १,७०० माणसांची. तरी त्याला स्वतःची घटना आहे, विधिमंडळ आहे, मंत्रिमंडळ आहे. एवढ्या थोड्या लोकांनी स्वराज्य कसे मिळवले आणि ते राखताना त्यांना कोणता पेच पडला, ते आज पाहू.

आधी बेट कसे आहे ते पाहू. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरापासून ईशान्येला सुमारे २,४०० किलोमीटरवर ते आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. हा सारा खडक पोवळ्याच्या जीवांनी समुद्रात रचलेला. पुढे तो वर उचलला गेला आणि बेट झाले. म्हणून चहूकडे उभे कडे आहेत. नदी नाही, ओढा नाही. पडलेला पाऊस खडकात मुरतो आणि तेच पाणी खोलातून उपसून वापरतात. माती थोडी, तीही खडकाच्या बेचक्यांत. तिथे शेतकरी तारो लावतो. तारो म्हणजे आपल्या अळूचाच कंद. सुरक्षित बंदर नाही. आलोफी हे राजधानीचे गाव, पण तिथल्या धक्क्यावरही होडी बांधून ठेवता येत नाही. ती यारीने उचलून वर घ्यावी लागते.

टोंगा आणि सामोआ बेटांकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी हजार वर्षांहून आधी इथे वस्ती केली. १७७४ साली इंग्रज कप्तान कुक आला, तेव्हा बेटकऱ्यांनी भाले उगारून त्याला परतवले. रागावून त्याने नकाशावर नाव घातले ‘रानटी बेट’. आपला किनारा राखणाऱ्यांना हे नाव पुढे कित्येक वर्षे सोसावे लागले. त्यांचे स्वतःचे नाव किती साधे! ‘नीउ’ म्हणजे नारळ, आणि नीउए म्हणजे ‘हा पाहा नारळ’.

१८४६ साली पेनिआमिना नावाच्या त्यांच्याच एका माणसाने सामोआहून ख्रिस्ती धर्म आणला. १८६३ साली पेरू देशासाठी गुलाम धरणारी जहाजे आली आणि बेटावरची माणसे पळवून घेऊन गेली. परक्या सत्तांच्या या गर्दीत लहानाला कुणाचा तरी आधार हवा, म्हणून १८८७ साली राजा फाताआइकी याने व्हिक्टोरिया राणीकडे संरक्षण मागितले. ते १९०० साली मिळाले आणि लगेच १९०१ साली बेट न्यूझीलंडच्या हवाली झाले. सुरुवातीला कारभार कुक बेटांबरोबर जोडला होता. आम्ही दुसऱ्या बेटाच्या हाताखाली राहणार नाही, असे नीउएच्या लोकांनी ठणकावले, तेव्हा वेगळा अधिकारी नेमला गेला.

पहिल्या महायुद्धात या बेटाने १५० माणसे दिली. पायात कधी बूट न घातलेली, थंडी न पाहिलेली ती माणसे फ्रान्सला पोचली आणि बहुतेक आजारी पडून इस्पितळात गेली. अखेर त्यांना आघाडीवरून माघारी आणावे लागले.

इकडे बेटावर एकच गोरा अधिकारी कारभारीही असे आणि न्यायाधीशही. दाद मागायची तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे! १९५३ साली लार्सन नावाच्या अधिकाऱ्याचा त्याच्या घरात खून झाला. खून करणाऱ्या तिघा तरुणांना फाशीची शिक्षा झाली. पण न्यूझीलंडमध्येच मोठा आवाज उठला आणि ती रद्द होऊन जन्मठेप झाली. खून तो खूनच, त्याचे समर्थन नाही. परंतु हा कारभार असा चालायचा नाही, हे सगळ्यांना उमगले.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या. कुक बेटे १९६५ साली स्वयंशासित झाली. नीउएने मात्र घाई केली नाही. आधी कारभार शिकू, मग हाती घेऊ, असा विचार त्यांनी केला. १९७४ साली मतदान झाले, बहुमताने स्वयंशासन पसरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी घटना लागू झाली. रॉबर्ट रेक्स पहिले प्रमुख झाले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्या जागी राहिले.

विधिमंडळात २० सभासद असतात. १४ गावांचा प्रत्येकी एक आणि सबंध बेटाने मिळून निवडलेले सहा. काही गावांत मतदार शंभराच्याही आत आहेत. मंत्री रविवारी प्रार्थनेला शेजारच्याच बाकावर बसलेला असतो. त्याला चुकवून जाता येत नाही! न्यूझीलंडने मदत करावी आणि संरक्षणाचा भार घ्यावा, असे कायद्यातच आहे. शिवाय प्रत्येक नीउएकर न्यूझीलंडचा नागरिक आहे.

पेच पडला तो इथेच. हे नागरिकत्व म्हणजे लहान बेटाची ढाल. पण तेच बाहेर जायचे दारही ठरले. १९७० च्या सुमारास विमानतळ झाला आणि ते दार सताड उघडले. १९६६ साली पाच हजारांवर असलेली वस्ती उतरत गेली. २०१८ च्या शिरगणतीत न्यूझीलंडमध्ये नीउए वंशाचे तीस हजारांवर लोक निघाले. बेटावर रिकामी घरे राहिली. जमीन कुटुंबाची, सामाईक. ती विकता येत नाही. ही चांगली चाल. पण निम्मे वारस परदेशी असले की बांध कुणी घालायचा आणि घर कुणी बांधायचे, याचा निकाल लागत नाही.

२००४ च्या जानेवारीत हेटा नावाचे वादळ आले. लाटा कड्यावरून वर चढल्या आणि आलोफीचे इस्पितळ वाहून गेले. दोन जीव गेले. आता हा देश टिकतो कसा, असे पुष्कळांनी विचारले. लोकांनी इस्पितळ आतल्या बाजूला, उंचावर पुन्हा बांधले.

उत्पन्न म्हणाल तर न्यूझीलंडची मदत, सरकारी नोकऱ्या, मासेमारीचे परवाने, तारो, व्हॅनिला, मध, आणि देवमासे पाहायला येणारे प्रवासी. चलन न्यूझीलंडचेच. तरी जग त्यांना ओळखते. भारताने २०१२ साली आणि अमेरिकेने २०२३ साली नीउएशी राजनैतिक संबंध जोडले.

शिक्षकबंधूंनी वर्गात हे बेट नकाशावर जरूर दाखवावे. टिंबाएवढे आहे, शोधावे लागेल. मुले विचारतील, एवढ्याशा लोकांना कशाला हवे वेगळे राज्य? त्यांना सांगावे, राज्य लहान असले म्हणून त्याची गरज लहान नसते. स्वराज्य कागदावर एका दिवसात मिळते. ते चालवायला माणसे गावात राहावी लागतात. नीउएचे १,७०० लोक रोज तेच करीत आहेत.