आचारी, आचार्य आणि सिंधीची चार अक्षरे

मागच्या वेळी माईक मधेच बंद पडला होता, आज ठीक दिसतो. शेवटच्या रांगेतल्या मंडळींना ऐकू येत नसेल तर हात वर करा, आम्ही आवाज चढवू.

अंबरनाथमध्ये बोलायचे आणि शिवमंदिराचे नाव घ्यायचे नाही, हे इथे चालत नाही. तेव्हा तिथूनच निघू. मंदिराच्या उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातला, शके 982, म्हणजे इसवी सन 1060. पण एकोणिसाव्या शतकात तो पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा पहिला आकडा 9 ऐवजी 7 असा वाचला गेला. शके 782! एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारे झाले, आणि पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्ती करेपर्यंत काही पुस्तकांत तसेच राहिले. दगड तोच, खूणही तीच. बिघाड झाला तो खूण आणि अर्थ यांच्या मधल्या जागेत. आज आपण त्याच मधल्या जागेबद्दल बोलणार आहोत, फक्त दगडाऐवजी संगणक.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर न्याय-मीमांसा शिकवलेल्या माणसाने संगणकावर का बोलावे? त्याला एक घरगुती कारण आहे. आमचे एक सहकारी होते, सिंधी. आम्ही त्यांना 'साईं' म्हणायचो, ते आम्हाला 'प्रोफेसरसाहेब'. फाळणीनंतर आईच्या कडेवर बसून ते कल्याण कॅम्पात आले. लष्कराच्या रिकाम्या बराकी, कॅम्प नंबर एक ते पाच. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्या कॅम्पाचे उल्हासनगर झाले; कॅम्पांचे आकडे मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत. तर या साईंनी तीसेक वर्षे उल्हासनगरात कानावर पडणारे सिंधी शब्द कार्डांवर टिपले. शब्द देवनागरीत, अर्थ मराठीत. चार हजारांच्या आसपास कार्डे, चपलांच्या खोक्यांमध्ये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती कॅम्प चारमधल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. पुढे कोणीतरी त्या फाईली नव्या पद्धतीच्या अक्षरांत बदलून दिल्या. छापील पाने समोर आली तेव्हा साईं आधी हसले, मग गप्प झाले. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आमच्या पोरांचं ओझं झालं!"

झालं होतं असं. सिंधीत चार व्यंजने अशी आहेत की ती उच्चारताना श्वास बाहेर न टाकता किंचित आत ओढला जातो. ग, ज, ड, ब यांची ही जुळी भावंडे. देवनागरीत ती खाली आडवी रेघ देऊन लिहितात : ॻ, ॼ, ॾ, ॿ. 'ॿारु' म्हणजे मूल आणि 'बारु' म्हणजे ओझे. फाईल बदलताना त्या प्रोग्रॅमला रेघ म्हणजे काय ते कळले नाही, त्याने ती गाळली. गाव म्हणजे 'ॻोठु', त्याचा साधा 'गोठु' झाला. चार हजार कार्डांत असे किती, ते मोजायचेही साईंनी टाळले.

हे का घडले याचा शोध घेता घेता आम्हाला एक मोठी गोष्ट सापडली, आणि तिचा बराचसा भाग आपल्याच आसपास घडला आहे.

सुरुवात मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. रंगास्वामी नरसिंहन हे गणितातले डॉक्टर अमेरिकेतून परत आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी एक संगणक स्वतः बांधला. 1960 साली तो पूर्ण चालू झाला, 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' नाव दिले. त्याची स्मृती किती? 2,048 शब्द, प्रत्येकी 40 बिट. हिशेब करा, आजच्या भाषेत सुमारे दहा किलोबाइट. आजच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे आमचे हे व्याख्यानसुद्धा त्यात मावले नसते! अर्थात तेव्हा देवनागरीचा प्रश्नच नव्हता; यंत्र आकडेमोडीसाठी होते. पण नरसिंहन यांचे मन पुढे भाषेकडे वळले, मूल भाषा कशी शिकते याचा त्यांनी अभ्यास केला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा मनुष्य जवळचा वाटतो.

देवनागरीचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो कानपूरच्या आयआयटीने. 1983 पर्यंत तिथे देवनागरीत चालणारा संगणक दाखवण्याइतका तयार झाला होता. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी या कामात होते. 1988 साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम तिथे आले. सी-डॅक म्हटले की लोकांना विजय भटकर आणि 1991 चा 'परम' महासंगणक आठवतो. बरोबरच आहे. पण तुमच्या-आमच्या रोजच्या जगण्यात जे शिरले ते महासंगणकापेक्षा हे अक्षरांचे काम, असे आमचे मत आहे. त्यांचे 'जिस्ट' कार्ड साध्या पीसीत खोचले की पडद्यावर मराठी उमटत असे.

आता मुद्द्याची गोष्ट, इथे जरा थांबू. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. मग आकडा कशाला द्यायचा? दिसणाऱ्या आकृतीला, की उच्चाराला? 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण म्हणतो 'क' आधी आणि 'इ' नंतर. अर्धा क आणि पूर्ण क ही दोन अक्षरे की एकच? आमच्या शास्त्रात हा वाद दीड-दोन हजार वर्षे जुना आहे. मीमांसक म्हणतात, वर्ण नित्य आहे. सकाळी ऐकलेला ग आणि संध्याकाळी ऐकलेला ग एकच, कारण 'तोच हा गकार' अशी आपल्याला ओळख पटते. नैयायिक म्हणतात, छे! ध्वनी उत्पन्न होतो आणि नाश पावतो. जी ओळख पटते ती जातीची, व्यक्तीची नव्हे. वर्गात हे शिकवताना पोरं जांभया द्यायची. आणि इथे अभियंत्यांना त्याच प्रश्नाचे उत्तर देऊन वर टेबलावर कोष्टक मांडायचे होते!

त्यांनी उत्तर दिले ते उच्चाराच्या बाजूने. 1988 मध्ये आणि नंतर सुधारून 1991 मध्ये (आयएस 13194 हा भारतीय मानकाचा क्रमांक) 'इस्की' नावाची संकेतपद्धती ठरली. 'क' ला एक आकडा, वेलांटीला एक, पायमोडीला एक. साठवायचे उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन काढणे हे पडद्याचे काम. शिवाय ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांना एकच कोष्टक. मराठी क, गुजराती क, तमिळ क यांचा आकडा एक, पोशाख वेगळा. मीमांसकांना फार आवडले असते.

यातून मराठीचा एक फायदा झाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिले वेद शिकवतात, दुसरे लग्नात जिलबी तळतात. फरक फक्त रफाराचा. हिंदीला त्या डोळ्याच्या पापणीसारख्या अर्ध्या र ची गरज नाही. मग त्याला आकडा कुठून आणायचा? समान कोष्टकात दक्षिणेतल्या भाषांच्या कठोर र साठी एक खण होता, तोच वापरला. आज तुम्ही मोबाइलवर 'वाऱ्यावरची' असे काही लिहिता तेव्हा तमिळ-मल्याळमच्या शेजारणीकडून मागून आणलेली वाटी वापरत असता. आणि 'ळ' असल्यामुळे आमचे कुळगाव कुळगावच राहिले.

मग बिघडले कुठे? छपाईच्या धंद्यात. इस्की शास्त्रशुद्ध होती, पण वर्तमानपत्रे, पत्रिका, लग्नाची आमंत्रणे काढणाऱ्यांना सुंदर फॉन्ट हवे होते, आणि ते देणाऱ्या प्रत्येकाने आपापले कोष्टक केले. त्यात आकडा उच्चाराला नसून तुकड्याला होता : अर्धा क, काना, खालची रेघ. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले. फॉन्ट काढून घेतला की पानभर इंग्रजी कचरा, हे तुमच्यापैकी ज्यांनी 2000 च्या आसपास मराठी फाईल ई-मेलने पाठवली आहे त्यांना आठवत असेल. साईंची कार्डे टाइप झाली ती असल्याच एका फॉन्टमध्ये.

दुसरीकडे जग युनिकोडकडे चालले होते. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने भारतीय लिप्यांसाठी 1988 च्या इस्कीची मांडणी घेतली, फक्त प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. इथे नैयायिक जिंकले म्हणा. पण नुसता आकडा मिळून अक्षर दिसत नाही. त्यासाठी जुहूच्या एनसीएसटीमध्ये, म्हणजे टाटा संस्थेतूनच वाढलेल्या आणि पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेत, र. कृ. जोशी यांनी काम केले. आयआयटी मुंबईत शिकवलेले, स्वतः कवी आणि सुलेखनकार. विंडोज 2000 बरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. सरकारी कचेऱ्यांतून हा फॉन्ट इतका वापरला गेला आहे की आपण त्याला कोणी माणसाने काढला असेल असेही समजत नाही.

आणि सिंधी? इथे इतिहास जरा बोचरा होतो. स्वातंत्र्यानंतर सरकारने सिंधीसाठी देवनागरी सुचवली, लोकांनी विरोध केला, अखेर अरबी वळणाची आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्या मान्य झाल्या. 1967 साली सिंधी आठव्या परिशिष्टात आली. पण कोणतेही राज्य तिच्या नावाचे नाही, त्यामुळे कोष्टके ठरतात तेव्हा तिच्या वतीने टेबलावर हात आपटणारे कोणी नसते. अरबी वळणाच्या सिंधीची चारही अक्षरे युनिकोडमध्ये अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून होती. देवनागरीतली ॻ, ॼ, ॾ, ॿ आली 2006 मध्ये, पाचव्या आवृत्तीत. त्याआधी जो तो ग च्या खाली कुठलीतरी रेघ चिकटवून भागवत असे. एकाची रेघ दुसऱ्याच्या शोधात सापडत नसे. आपण मराठी माणसांनी फार नाक वर करू नये, आपला 'ॲ' तर 2008 मध्ये आला, आणि राज्य शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला तो नोव्हेंबर 2009 मध्ये.

पवईला पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिंदी आणि मराठीची शब्दजाळी विणली. कोणता शब्द कोणाचा समानार्थी, कोण कोणाच्या पोटातला, असा शब्दांचा वंशवृक्ष. त्यातून पुढे 18 भारतीय भाषांचे एकत्र जाळे झाले. बोडो आहे, मणिपुरी आहे, कोंकणी आहे. त्या अठरांत सिंधी नाही. अलीकडे, 2023 मध्ये, मद्रास आयआयटीच्या मंडळींनी 22 भाषांचे यांत्रिक भाषांतर खुले केले, त्यात मात्र सिंधी दोन्ही लिप्यांत आहे. ते वाचले त्या दिवशी आम्ही साईंना फोन करायला हात पुढे केला होता. ते जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

कार्डांचे काय झाले, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घरात शिरली तेव्हा तळमजल्यावरची खोकी भिजली. निम्म्याहून जास्त शाई उतरली. म्हणजे मूळ गेले आणि नक्कल आंधळी. रेघ कुठे होती हे फाईलीत कुठेही शिल्लक नाही, ते यंत्र कितीही हुशार असले तरी नुसत्या फाईलीतून काढू शकत नाही.

पण एक वाट निघाली, आणि ती आमची नाही, बदलापूरच्या एका आयटी शिकणाऱ्या मुलाची. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या लिपीत बघितलं तर?" अरबी वळणाच्या सिंधीत ही चार अक्षरे ठसठशीत वेगळी असतात, पण ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. साईंच्या फाईलीत स्वर सगळे शाबूत, चार व्यंजने तेवढी गेलेली. एकीला जे नाही ते दुसरीकडे आहे! त्याने जुन्या सिंधी शब्दकोशांतून शब्द घेऊन, स्वर बाजूला ठेवून, दोन्ही याद्या जुळवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जिथे एकच जोडीदार सापडतो तिथे रेघ परत बसते. जिथे दोन सापडतात, मूल आणि ओझे दोन्ही शक्य असतात, तिथे मराठी अर्थ पाहावा लागतो. आणि जो शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही, निव्वळ उल्हासनगरचा आहे, तिथे प्रोग्रॅम प्रश्नचिन्ह टाकतो.

असे प्रश्नचिन्हवाले शब्द अजून तीनशेच्या वर आहेत. साईंच्या धाकट्या बहिणीला त्यातले बरेच येतात. वय ब्याऐंशी. तिला देवनागरी वाचता येते, पण ती वाचत नाही. आम्ही वाक्य सांगायचे, तिने शब्द म्हणायचा, आणि त्या मुलाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे. श्वास आत गेला की बाहेर, हे आमच्या मराठी कानांना पहिल्या खेपेला कळत नाही, ती वैतागते आणि पुन्हा म्हणते. परवाच्या रविवारी आम्ही ड पाशी होतो.