युद्धाच्या उंबरठ्यावरील विल्सन

अमेरिकेचे २८वे अध्यक्ष वुड्रो विल्सन हे पिंडाने प्राध्यापक. पीएच. डी. मिळविलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकी अध्यक्ष. युद्धाचा तिटकारा मात्र त्यांना ग्रंथांतून लाभला नव्हता. यादवी युद्धाच्या काळात जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे त्यांचे बालपण गेले. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या चर्चमध्ये जखमी सैनिकांचे रुग्णालय थाटण्यात आले होते.

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये विल्सन यांच्या पत्नी एलेन मूत्रपिंडाच्या विकाराने मृत्युशय्येवर होत्या. ६ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. तटस्थतेचे धोरण आखणारा हा नेता त्या दिवसांत दुःखाने पुरता खचला होता.

पुढील वसंतात एडिथ गॉल्ट या विधवा महिलेशी त्यांचा परिचय झाला. ४ मे १९१५ रोजी त्यांनी विवाहाचा प्रस्ताव मांडला. एडिथ यांनी तो लगेच स्वीकारला नाही. तिसऱ्याच दिवशी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडविले. मृतांत १२८ अमेरिकी नागरिक होते. विल्सन यांनी जर्मनीला खरमरीत खलिते धाडले. ही भाषा युद्धाकडे नेईल, या भीतीने परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. १८ डिसेंबर रोजी विल्सन-एडिथ विवाह झाला. पहिल्या पत्नीला जाऊन दीड वर्षही लोटले नसल्याने राजधानीत कुजबुज झालीच.

लष्कराची अवस्था तर केविलवाणी होती. ९ मार्च १९१६ रोजी मेक्सिकन बंडखोर पांचो व्हिला याच्या टोळीने न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर छापा घातला. त्याच्या पाठलागावर जनरल जॉन पर्शिंग यांना सैन्यासह धाडण्यात आले. सोबत आठ विमाने होती. ती महिना-दीड महिन्यातच निकामी झाली. फेब्रुवारी १९१७ मध्ये फौज परतली, ती व्हिलाला न पकडताच! ज्या देशाला एका टोळीप्रमुखाला जेरबंद करता आले नाही, त्याच्या इशाऱ्यांची बर्लिनने फारशी पत्रास बाळगली नाही, यात नवल ते काय? १९१६ मध्ये लष्कर व नौदल वाढविण्याचे कायदे संमत झाले खरे. पण त्यांची फळे हाती येण्यास वर्षे लागणार होती.

‘त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ या घोषणेवर विल्सन नोव्हेंबर १९१६ मध्ये २७७ विरुद्ध २५४ अशा निसटत्या फरकाने पुन्हा निवडून आले. कॅलिफोर्नियातील चार हजारांहून कमी मतांच्या आघाडीने त्यांना तारले.

१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध पुकारले. पाठोपाठ जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची गुप्त तार उघडकीस आली. अमेरिकेशी युद्ध जुंपल्यास मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने उतरावे आणि टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना परत मिळवावेत, असे आमिष तीत होते.

२ एप्रिल रोजी विल्सन यांनी काँग्रेसकडे युद्धघोषणेची मागणी केली. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, तर प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी ठराव मंजूर होऊन ६ एप्रिल रोजी अमेरिका युद्धात उतरली. तेव्हा तिच्याकडे खडे सैन्य होते जेमतेम सव्वा लाखाचे. मे महिन्यात सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला आणि फ्रान्सला जाणाऱ्या फौजेचे नेतृत्व मेक्सिकोतून रिक्त हस्ते परतलेल्या पर्शिंग यांच्याकडेच सोपविण्यात आले.