अहिल्यानगर जिल्ह्यातील गोचीड व गोचीडजन्य रोग

गोचीड हा जनावरे, कुत्री, पक्षी व प्रसंगी माणूस यांच्या अंगावर चिकटून रक्त शोषणारा बाह्यपरजीवी आहे. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात दुग्धव्यवसाय, शेळी-मेंढीपालन व शेतावर कुत्री पाळण्याची रीत सर्वत्र असल्यामुळे गोचिडांचा उपद्रव हा तेथील ग्रामीण जीवनाचा नित्याचा प्रश्न आहे. गोचीड केवळ रक्त शोषत नाहीत, तर रक्तातील अनेक रोगांचे जंतू एका प्राण्यातून दुसऱ्यात पोहोचवितात. कोणत्याही वेळी जनावराच्या अंगावर दिसणारे गोचीड हे परिसरातील एकूण गोचिडांचा लहानसा भाग असतात. उरलेले अंडी, डिंभ व भुकेले प्रौढ या रूपांत गोठ्याच्या भेगांत, उकिरड्यात व गवतात असतात. त्यामुळे केवळ अंगावर औषध मारून गोचीड आटोक्यात येत नाहीत.

वर्गीकरण व जीवनक्रम

गोचीड कीटक नाही. संधिपाद संघातील अष्टपाद वर्गात, म्हणजे कोळी व विंचू यांच्या वर्गात, त्याचा समावेश होतो. पाठीवर कठीण ढाल असलेले ते कठीण गोचीड व ढाल नसलेले ते मऊ गोचीड, असे त्याचे दोन मुख्य गट आहेत. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या व कुत्री यांच्यावर आढळणारे बहुतेक गोचीड कठीण गटातील असतात. कोंबड्यांच्या खुराड्यात रात्री बाहेर पडून रक्त पिणारा अर्गस पर्सिकस हा मऊ गटातील आहे.

अंडे, डिंभ, अर्भक व प्रौढ या गोचिडाच्या चार अवस्था होत. डिंभाला सहा पाय असतात, तर अर्भक व प्रौढ यांना आठ असतात. अंड्यानंतरच्या प्रत्येक अवस्थेत पुढे वाढण्यासाठी त्याला रक्त लागते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते, आडोशाला जाऊन एकाच वेळी दोन ते चार हजार अंडी घालते आणि मरते. खेड्यात जनावराच्या अंगावर एरंडाच्या बीसारखे जे करडे, फुगीर गोचीड दिसतात, त्या अशा माद्या असतात. अशी एक मादी गोठ्यात गळून पडणे म्हणजे काही आठवड्यांनी हजारो डिंभांची भर पडणे होय.

सर्व जातींचे जीवनचक्र सारखे नसते. गाईंवरील ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा एकयजमानी गोचीड डिंभापासून प्रौढापर्यंतची वाढ एकाच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण करतो. हायलोमा ॲनाटोलिकम हा वाढीच्या काळात जनावर सोडून गोठ्याच्या भिंतींतील फटींत दडतो व पुन्हा नव्या जनावरावर चढतो. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, त्रियजमानी आहे. प्रत्येक अवस्थेनंतर तो खाली उतरून भिंतीच्या सांध्यांत, पडद्यांमागे वा अंथरुणाच्या घड्यांत शिरतो. प्रौढ गोचीड कित्येक महिने अन्नावाचून जगू शकतात, म्हणून रिकामा ठेवलेला गोठाही लगेच गोचीडमुक्त होत नाही.

जिल्ह्यातील परिस्थिती

सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असून त्यात १४ तालुके आहेत. उत्तरेकडील राहाता, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात प्रवरा व मुळा नद्यांच्या पाण्यावर चारा होतो आणि संकरित गाईंचे प्रमाण मोठे आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जत हा भाग अवर्षणप्रवण आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यात डांगी ही अतिपावसात टिकणारी देशी गोजात सांभाळली जाते. संगमनेरी ही शेळीची जात याच जिल्ह्यातील तालुक्याच्या नावाने ओळखली जाते.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही अधिक दूध देणारी गाय विकसित केली. संकरित गाईंनी जिल्ह्यातील दुधाचे चित्र पालटले. मात्र देशी गोवंशात गोचिडांना व त्यांच्यामार्फत येणाऱ्या रोगांना जी नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, ती विदेशी रक्त वाढते तशी घटते. ज्या गाईच्या दुधावर घरखर्च व कर्जाचा हप्ता अवलंबून असतो, तीच गाय गोचीडतापाला लवकर बळी पडते.

जनावरांच्या हालचालीबरोबर गोचीडही हिंडतात. लोणी (राहाता), घोडेगाव (नेवासा) व काष्टी (श्रीगोंदा) येथील जनावरांच्या बाजारांत दूरदूरची जनावरे एकत्र येतात. ऊसतोडणी कामगारांचे बैल हंगामात तालुके ओलांडतात, तर मेंढपाळांचे कळप चाऱ्यासाठी फिरतात. दुष्काळात उभारल्या जाणाऱ्या चारा छावण्यांत वेगवेगळ्या गावांची जनावरे अनेक आठवडे दाटीने बांधलेली असतात, त्यामुळे तेथेही गोचिडांचा प्रसार सहज होतो.

जनावरांतील रोग

शेतकरी ज्याला ‘गोचीडताप’ म्हणतात, ते एकाच रोगाचे नाव नाही.

थायलेरिओसिस: हायलोमा गोचिडामार्फत पसरणाऱ्या थायलेरिया ॲन्युलाटा या आदिजीवामुळे होतो. तीव्र ताप, खांद्यापुढील लसिकाग्रंथींना सूज, दूध एकाएकी आटणे, धाप व रक्तक्षय ही लक्षणे होत. संकरित गाई व वासरे यांत तो जीवघेणा ठरतो. वेळेवर निदान झाल्यास बुपारव्हाक्वोन हे औषध गुणकारी आहे. रोगप्रतिबंधक लसही भारतात उपलब्ध असून ती दोन महिन्यांवरील संकरित वासरांना व गाईंना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिली जाते.

बबेसिओसिस: तांबड्या पेशी फुटून लघवी कॉफीच्या रंगाची होणे, हे याचे ठळक लक्षण आहे.

ॲनाप्लाझ्मोसिस: ताप, बद्धकोष्ठ, डोळे व तोंडातील श्लेष्मल त्वचा फिकट किंवा पिवळी पडणे अशी लक्षणे दिसतात. गोचिडांखेरीज चावऱ्या माशा व दूषित सुया यांमुळेही हा रोग पसरतो.

या तिन्ही रोगांची औषधे वेगवेगळी असल्याने लक्षणांवरून अंदाजे इंजेक्शन देण्याऐवजी रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक असते. २०२२मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी चर्मरोगाचा विषाणूही माशा व डास यांच्याबरोबर गोचिडांमार्फत पसरू शकतो. त्या वेळी राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते.

कुत्र्यांतील उपद्रव

वस्तीवरील कुत्री दिवसा गोठ्यात, रात्री अंगणात व पावसात ओसरीवर असतात. त्यामुळे गोचीड गोठ्यातून घरात येण्याचा तो एक मार्ग ठरतो. कानांची आतली बाजू, मान, काखा, बोटांमधील बेचके व शेपटीखालील भाग येथे गोचीड अधिक आढळतात. कुत्र्यांना त्यांच्यामुळे एर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे रोग होतात. ताप, अन्नावरची वासना उडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे किंवा गडद लघवी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. एर्लिकिओसिसवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली दिले जाते.

नियंत्रणाचे उपाय

गोठा: भिंती व गव्हाणीच्या भेगा सिमेंटने वा गिलाव्याने बुजविणे, भिंतींना चुना लावणे, उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवणे आणि जुने गवत व लाकडांचे ढीग हलविणे हे पायाभूत उपाय होत. दगडी व सिमेंटच्या भिंतींच्या फटी फ्लेमगनने शेकल्यास आत दडलेले गोचीड व अंडी मरतात. कुडाच्या, छपराच्या वा चाऱ्याने भरलेल्या गोठ्यात मात्र हा उपाय आगीला निमंत्रण ठरतो. मुक्त संचार गोठ्यात गावरान कोंबड्या सोडल्यास त्या गोचीड वेचून खातात. गायबगळा व साळुंकी हे पक्षीही चरत्या जनावरांवरील गोचीड टिपतात.

जनावर: डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ यांची फवारणी, पाठीवर ओतण्याचे फ्लुमेथ्रिन व त्वचेखाली टोचण्याचे आयव्हरमेक्टिन ही औषधे वापरात आहेत. औषध ठरलेल्या प्रमाणापेक्षा पातळ केल्यास गोचीड मरत नाहीत व त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होते. दाट केल्यास जनावरालाच विषबाधा होते. १२.५ टक्के तीव्रतेच्या अमिट्राझचे सर्वसाधारण प्रमाण १ लिटर पाण्यात २ मिलिलिटर आहे. तरी वेष्टनावरील सूचना व पशुवैद्यकाचा सल्ला प्रमाण मानावा लागतो. फवारणीपूर्वी जनावराला पाणी पाजावे लागते, अन्यथा ते अंग चाटून औषध पोटात घेते. कानांची आतली बाजू, शेपटीखालचा भाग, कास व मांड्यांची आतली बाजू या जागा सुटल्यास फवारणी निष्फळ होते. गोठा व सर्व जनावरे यांवर एकाच दिवशी उपचार करून दोन ते तीन आठवड्यांनी त्याची पुनरावृत्ती केल्यास जीवनचक्र तुटते. औषधानंतर ठरावीक काळ दूध विक्रीस वा सेवनास अयोग्य असते.

पिकांवरील कीटकनाशके जनावरांवर मारणे हा ग्रामीण भागातील गंभीर धोका आहे. लाळ गळणे, थरथर, तोल जाणे ही त्यांच्या विषबाधेची लक्षणे असून काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरांना घातक असते, तर अमिट्राझ घोड्यांना व मांजरांना चालत नाही.

नवे जनावर: बाजारातून आणलेले जनावर दोन ते तीन आठवडे कळपापासून वेगळे बांधून गोचीडमुक्त केल्यावरच गोठ्यात घेण्याची शिफारस केली जाते. जनावरांच्या उपचारासाठी राज्यात १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

माणसाला गोचीड चिकटल्यास

चारा कापणारे, गुराखी, धारा काढणाऱ्या स्त्रिया व गोठ्यात खेळणारी मुले यांना गोचीड चिकटण्याचा संभव अधिक असतो. कानामागे, केसांत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत व गुडघ्याच्या मागे तो आढळतो. त्याच्या लाळेत बधिरता आणणारे घटक असल्याने चावा सहसा जाणवत नाही.

गोचिडावर रॉकेल, तेल, तूप, चुना टाकणे किंवा पेटती काडी टेकविणे हे घरगुती उपाय टाळावे लागतात. असे केल्याने डिवचलेला गोचीड पोटातील द्रव व लाळ जखमेत सोडण्याची भीती असते. टोकदार चिमट्याने त्याचे तोंड त्वचेच्या अगदी लगत पकडून, न पिळता व झटका न देता, सरळ वर ओढणे ही योग्य रीत आहे. तोंडाचा बारीक अंश आत राहिल्यास तो उकरून काढण्याची गरज नसते. त्यानंतर जखम व हात साबणाने धुतले जातात. काढलेला गोचीड नखांनी वा पायाने चिरडल्यास त्यातील रक्ताशी संपर्क येतो, म्हणून तो साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकला जातो. पुढील दोन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगावर पुरळ वा रक्तस्राव आढळल्यास डॉक्टरांना गोचीड चावल्याचे सांगणे महत्त्वाचे ठरते, कारण या माहितीवाचून निदान भलतीकडे जाऊ शकते.

गोचिडांमुळे माणसाला होणाऱ्या रोगांपैकी क्यासनूर वन रोग (माकडताप) १९५७मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१६पासून तो महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग व सावंतवाडी भागात आढळला. हा रोग ओल्या वनप्रदेशाशी निगडित आहे. हायलोमा गोचिडांमार्फत व बाधित जनावरांच्या रक्तातून पसरणारा क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप भारतात २०११मध्ये गुजरातेत प्रथम निश्चित झाला. २०२०मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने त्याबाबत सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. २०१८मध्ये नागपूर परिसरात उद्भवलेला स्क्रब टायफस गोचिडांमुळे नव्हे, तर चिगर नावाच्या सूक्ष्म माइटच्या डिंभांमुळे होतो. दोहोंची गल्लत अनेकदा होते.

भाषा व साहित्य

मराठीत पिच्छा न सोडणाऱ्या माणसाला ‘गोचिडासारखा चिकटला’ असे म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात संत ज्ञानेश्वरांनी गोचिडाचा दृष्टांत दिला आहे: पवित्र व गोड दूध कातडीच्या पदराआड, अगदी जवळ असताही गोचीड ते सोडून रक्तच पितो, तसा माणूस हृदयस्थ ईश्वराला सोडून विषयांकडे धावतो. १२९०मध्ये ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यात आहे. गाईच्या कासेवरील गोचीड हे दृश्य तेव्हाच्या श्रोत्यांच्याही नित्य पाहण्यातले होते, असे या दृष्टांतावरून दिसते.